पाच ओळी

“प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू. हे तीन शब्द ज्या कथेत आले, त्या कथेचा नायक पहिल्याच पानावर मेला असं खुशाल समजा,” कार्मिन मास्तर म्हणाले आणि हशा ओसरेपर्यंत थांबले. कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर कळे. छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गापुढे उभा राहिलेला माणूस तो, त्याला ते कोणी शिकवायला नको.

एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतलं वाचनालय म्हणजे तळमजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत पाडून एक केलेले. डिसेंबरातला दुसरा शनिवार, त्यामुळे सरकारी नोकरीवाले घरी होते आणि खुर्च्या भरल्या होत्या. फळ्यावर चिटणीस सदानंद यांनी सुबक अक्षरात विषय लिहिला होता, ‘कथेचा नायक लक्षात कसा राहतो?’ आणि त्याखाली मास्तरांचं नाव.

आता खरं सांगायचं तर मास्तरांची एकही कथा कुठे छापून आलेली नव्हती. तरुणपणी त्यांनी मासिकांना अकरा कथा पाठवल्या, अकराही साभार परत आल्या. एका संपादकाने मात्र पोस्टकार्ड पाठवलं होतं, ‘भाषा चांगली आहे, पण तुमचा नायक लक्षात राहत नाही.’ ते पोस्टकार्ड मास्तरांनी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. काही माणसं अपमानही बक्षिसासारखा सांभाळतात.

मग हा माणूस इथे नायकावर बोलायला कसा? तर त्यामागे निर्मळकडच्या त्यांच्या ख्रिस्ती गावातली एक रीत होती. तिथे कोणी गेलं की देवळातली, म्हणजे चर्चमधली, मिस्सेची प्रार्थना संपल्यावर, पेटी उचलायच्या आधी, त्या माणसाचं आयुष्य एका पानात वाचून दाखवतात. ते पान गेली तेहेतीस वर्षं कार्मिन मास्तर लिहीत आले होते. आजवर दोनशे बारा पानं झाली होती. आणि अशी लिहीत की ज्यांचं मयताशी उभ्या जन्मात पटलं नाही, तेही रुमाल काढत. गावात म्हणच पडली होती की मरायचंच असेल तर कार्मिन मास्तर आजारी नसताना मरावं.

“मी मयताच्या घरी बाहेरच्या खोलीत बसतच नाही,” मास्तर सांगत होते. “बाहेर सगळे चांगलंच बोलतात. मी सरळ स्वयंपाकघरात जातो आणि तीन प्रश्न विचारतो. या माणसाच्या कुठल्या वस्तूला दुसरं कोणी हात लावत नव्हतं? तो कशावरून भांडायचा? आणि कुठलं काम अर्धं टाकून गेला? या तिन्हींत नायक सापडतो. नाही सापडला, तर लिहिणारा आळशी.”

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. ते पान म्हणजे ॲनी.

ॲनी त्यांची शेजारीण, अँथनीची बायको. जिभेने तिखट, अख्ख्या आळीशी भांडलेली. पण ज्याच्याशी तिचं वर्षभरात भांडण झालं असेल, त्याच्या ओट्यावर नाताळच्या आदल्या पहाटे सुकेळ्यांची एक पुडी ठेवलेली सापडे. पिकलेली राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती गोड सुकेळी, केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली, वाखाच्या दोऱ्याने बांधलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्र्याण्णव साली ॲनी गेली तेव्हा मास्तरांनी पहिलं वाक्य लिहिलं होतं, ‘ज्याचं ॲनीशी भांडण झालं नाही, त्याला ॲनीची सुकेळी मिळाली नाहीत.’

“आणि शेवटी मी लिहिलं,” मास्तरांनी आवाज खाली आणला, “की पुडी ठेवणाऱ्याने सांगायचं नाही आणि घेणाऱ्याने विचारायचं नाही. मंडळी, त्या एका पानाने गावाला चाल लावली. आज अकरा वर्षं झाली, आमच्याकडे भांडलेली माणसं एकमेकांच्या ओट्यावर मुकाट्याने पुडी ठेवून येतात. दोन सख्खे भाऊ वाडीतल्या तळ्यावरून सहा वर्षं बोलत नव्हते. परवाच्या नाताळला बोलले. याला म्हणतात नायक. मरून अकरा वर्षं झाली तरी काम करतेय.”

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतल्या आशालताबाईंनी हात वर केला. निवृत्त परिचारिका, स्वभाव चौकस. “सर, ती पुडी ॲनीच ठेवायची, हे कोणी पाहिलं होतं का?”

“बाई, एक पुडी माझ्याच ओट्यावर होती. आमचंही भांडण झालं होतं, किरकोळ कारणावरून.”

“हो, पण ठेवताना पाहिलं होतं का?”

“नायकाला असं चोरासारखं रंगेहाथ पकडायचं नसतं,” मास्तर म्हणाले आणि खोली पुन्हा हसली. आशालताबाईही हसल्या, पण वहीत त्यांनी काहीतरी लिहून ठेवलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सदानंदांनी तो घेतला, दोनदा ‘हो’ म्हणाले आणि मास्तरांच्या कानाशी वाकले. “सर, तुमच्या गावाहून. अँथनी म्हणून कोणी आहेत. त्यांची बहीण मार्था पहाटे वारली. चारला मिस्सा आहे. तुम्ही लिहावं म्हणतात.” ते जरा अडखळले. “आणि म्हणाले, पाच ओळी पुरेत.”

मास्तरांच्या कपाळावर आठी चढली. पाच ओळी! गुरांच्या दवाखान्यातसुद्धा बैलाबद्दल याहून जास्त लिहितात. ते खोलीकडे वळले. “मंडळी, माझ्या शेजारची एक बाई गेली. घरचे म्हणतात, पाच ओळी पुरेत. ज्यांना जमेल त्यांनी चारला आमच्या देवळात या. पाच ओळींची बाई लक्षात कशी राहते ते दाखवतो.”

सदानंदांनी त्यांना स्कूटरवरून सोडलं. रेल्वेचा पूल ओलांडून नारळी-केळीच्या वाड्यांचा रस्ता लागला तेव्हा त्यांनी विचारलं, “सर, या मार्थाबाई कशा होत्या?”

मास्तर आठवू लागले. पंचेचाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लागून. लाल लुगडं, डोक्यावर टोपली, तोंडात शब्द नाही. अँथनीच्या घरी गेलं की चहा यायचा, तो मार्था आणायची. कप ठेवून आत जायची. याखेरीज काही म्हणता काही आठवेना.

“असायची,” मास्तर म्हणाले. “घरात असायची.”

बाहेरच्या खोलीत मार्था लाल लुगड्यात शांत निजली होती. बायका माळेवर रोझरी म्हणत होत्या. मास्तरांनी क्रूसाची खूण केली, क्षणभर उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे आत निघाले. दारातच खुर्चीवर अँथनी बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पाय सुजलेले, हातात काठी.

“मास्तर, जास्त खटपट नको करू तुमी,” तो म्हणाला. “जन्मली, राबली, गेली. पाच ओळी लिवा, बस झालं.”

“अँथनी, तुझी सख्खी बहीण ती.”

“म्हनून तर सांगतो,” म्हातारा म्हणाला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली. काय हा निर्दय माणूस, असं मनात म्हणत मास्तर स्वयंपाकघरात शिरले.

तिथे फ्लॉसी कॉफीचं पातेलं उतरवत होती. ही अँथनी आणि ॲनीची मुलगी, लग्न होऊन नायगावला गेलेली, मास्तरांची एके काळची विद्यार्थिनी. डोळे सुजले होते. मास्तरांनी पाट ओढला आणि पहिला प्रश्न विचारला. मार्थाच्या कुठल्या वस्तूला दुसरं कोणी हात लावत नव्हतं?

“तिचं म्हणून काही नव्हतंच सर. दोन लुगडी, एक रोझरी. तीही आज्जीची.”

“भांडायची कशावरून?”

“आत्या? कोणाशीच नाही. तुम्हाला माहितेय ना.”

मास्तरांच्या वहीचं पान कोरंच. त्यांनी घसा साफ केला. “बरं. काही काम अर्धं राहिलंय?”

फ्लॉसीने माळ्याकडे पाहिलं. मग स्टुलावर चढली आणि एक टोपली खाली काढली. वरचा पंचा बाजूला केला. आत सुकेळ्यांच्या पुड्या होत्या. केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेल्या, वाखाने बांधलेल्या, एकसारख्या दहा.

“अस्सं,” मास्तर खूश झाले. सापडलं. “म्हणजे ॲनीची रीत मार्थाने पुढे चालवली. वा. भावजयीचं व्रत नणंदेने घेतलं.”

“सर,” फ्लॉसी म्हणाली, “आईला सुकेळ्यांचा वाससुद्धा चालायचा नाही. वाळवणाच्या दिवसांत ती मळमळतं म्हणून मागच्या पडवीत जेवायची. सुकेळी घालायची, उलटायची, बांधायची ती फक्त आत्या. आणि ठेवून यायची तीसुद्धा आत्याच.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

“आई भांडून यायची,” फ्लॉसी सांगू लागली, “आणि आत्या मोजून ठेवायची कोणाकोणाशी. नाताळच्या आदल्या दिवशी ती पहाटेच्या मिस्सेला निघायची. म्हातारी बाई टोपली घेऊन देवळात चाललीय, कोण बघतंय तिच्याकडे? वाटेत ओटे लागतात. गेली तीन वर्षं तिचे गुडघे धरले होते, म्हणून मी नायगावहून यायचे, हात धरून न्यायचे. तेव्हा तिने मला सांगितलं.”

“पण ॲनी तर अकरा वर्षांपूर्वी गेली. मग या दहा पुड्या कोणासाठी?”

“पाच भांडणांच्या. एका भांडणाला दोन पुड्या लागतात ना. एक याच्या ओट्यावर, एक त्याच्या. ह्याला वाटतं तो नमला, त्याला वाटतं हा नमला. आणि विचारायचं तर नाहीच, ते तुम्हीच वाचून दाखवलंत. आत्या म्हणायची, मास्तरांनी माझं काम सोपं केलं.”

“आणि बाकीचे? गावात सगळेच ठेवतात की पुड्या.”

“कोण ठेवतं सर? तुम्ही ठेवलीत कधी?”

नव्हती ठेवली. मास्तरांना वाटायचं, बाकी सगळे ठेवतात. बाकी सगळ्यांनाही तसंच वाटत होतं. ज्या चालीच्या जोरावर ते सकाळी टाळ्या घेऊन आले, ती चाल गावाने कधी उचललीच नव्हती. अकरा वर्षं एकटी मार्था अख्ख्या गावाच्या वतीने नमत होती.

काठी टेकत अँथनी आत आला. पोरीकडे रागाने बघून तो पाटावर टेकला. “सांगितलंस ना शेवटी? तुला सांगू नको म्हनून गेली होती ती.” मग मास्तरांकडे वळून म्हणाला, “नव्वद साल आठवतं? तुमी टँकरला पानी इकत होते.”

मास्तरांचा चेहरा उतरला. नव्या इमारतींना पाणी नव्हतं, टँकर वाड्यांमधल्या विहिरींवर येत. त्यांनीही दिवसाला दोन टँकर भरून दिले होते. ॲनी कोयता घेऊन रस्त्यात उभी राहिली होती. ‘तुमची विहीर आटली म्हनजे आमची भरलेली राहील काय, मास्तर?’ असं साऱ्या आळीसमोर ओरडली होती. आठ महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मग नाताळला पुडी आली, मास्तर विरघळले आणि टँकर बंद झाला. ते ‘किरकोळ कारण’ हे होतं. ॲनीवर लिहिताना त्यांनी ते सोयिस्करपणे गाळलं होतं.

“त्या नाताळला ॲनीला आमच्या ओट्यावर चाफा मिळाला,” अँथनी म्हणाला. “सोनचाफ्याची ओंजळभर फुलं. आळीत सोनचाफा एकट्या तुमच्याच दारी. ॲनी म्हनाली, मास्तर नमला, जाऊ दे. ती फुलं कोनी तोडली असतील?”

मास्तरांना एकदम आठवलं. देवळाबाहेर ॲनी त्यांना म्हणाली होती, ‘चाफा पोचला हां मास्तर.’ त्यांना काही कळलं नव्हतं, पण समजल्यासारखी मान डोलावली होती. तीन प्रश्न विचारणाऱ्या माणसाने तिथे एक प्रश्न विचारला असता तर! पण ॲनीच्या वेळी ते या स्वयंपाकघरात आलेच नव्हते. पुडी माझ्याच ओट्यावर होती, आणखी काय विचारायचं, असं वाटलं होतं. घमेंड दुसरी कसली.

“मी आज सगळं लिहिणार,” मास्तर म्हणाले. “माझी चूक मीच सुधारणार. देवळात उभा राहून सांगणार.”

“लिहाच सर,” फ्लॉसी म्हणाली. “जन्मभर चुलीमागे राहिली ती. आईच्या मयताला तिसऱ्या बाकावर बसून तिने स्वतःचं सगळं आईच्या नावावर ऐकलं. आज तरी कोणी तिचं नाव घेऊ दे.”

“आनि मंग?” अँथनीने विचारलं. “उद्या दोघं भाऊ काय म्हनतील? अरे, तू पुडी ठेवलीच नव्हती की. मंग मी कशाला बोललो तुझ्याशी? ह्या गावात किती लोक असे बोलतात, मोजा जरा. पाच ओळी मी नाय सांगितल्या मास्तर. तिनं सांगितल्या. गेल्या आठवड्यात, ह्याच चुलीपुढं बसून. म्हनाली, मास्तर मोठं लिवतील, त्यांना आवरा.”

बाहेर रोझरी चालूच होती.

मास्तर मागच्या तळ्याकाठी नारळाच्या सावलीत जाऊन बसले. वही उघडली, आणि काय सांगावं, पेन थांबेचना. पहिलंच वाक्य असं उतरलं, ‘मार्थाचं कधी कोणाशी भांडण झालं नाही, तरी गावातले सगळे समेट तिने केले.’ त्यांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं. तेहेतीस वर्षांत असं वाक्य झालं नव्हतं. चाफा आला, टँकर आला, कोयता घेतलेली खरी ॲनी आली, गुडघे दुखत असताना पहाटे निघालेली मार्था आली. दीड पान झालं. पोस्टकार्ड पाठवणारा तो संपादक कुठे असेल तिथून उठून यावा, असं झालं. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि त्यावर पाच ओळी लिहिल्या. त्यांना एक मिनिटही लागलं नाही. दोन्ही कागद घडी करून त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या खिशात घातले. कुठला वाचायचा ते त्यांचं ठरलं होतं. दीड पानाचाच.

चार वाजता देऊळ भरलं. मागच्या बाकांवर एव्हरशाईन सिटीची सात-आठ मंडळी बसली होती. सदानंद होते, वही घेऊन आशालताबाई होत्या. मिस्सा झाली आणि फादरांनी मास्तरांना खूण केली. मास्तर पुढे गेले, चष्मा लावला, खिशातून जाड घडीचा कागद काढला आणि समोर पाहिलं.

पाचव्या बाकावर ते दोघे भाऊ बसले होते. धाकट्याने गीतांचं पुस्तक आणलं नव्हतं. थोरल्याने आपलं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं होतं, आणि धाकट्याचा अंगठा त्याच पानावर होता. त्यांच्यापलीकडे आणखी चेहरे होते. मास्तर ओळखून होते, कोण कोणाशी कधी बोलत नव्हतं आणि कधीपासून बोलू लागलं. प्रत्येकाच्या मनात होतं की समोरचा आधी नमला. तेवढ्या एका समजुतीवर ही माणसं शेजारी शेजारी बसली होती.

मास्तर नको तितका वेळ थांबले. लोकांना वाटलं, नेहमीप्रमाणे वाट पाहायला लावतायत. मग त्यांनी कागद परत खिशात घातला, दुसरा काढला आणि वाचलं.

“मार्थाचा जन्म एकोणीसशे तीस साली याच गावात झाला. तिने लग्न केलं नाही, ती भावाच्या घरी राहिली. वाडीत राबली आणि रोज पहाटेच्या मिस्सेला आली. स्वभावाने ती प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू होती. परमेश्वर तिच्या आत्म्याला चिरशांती देवो.”

‘वाडीत राबली’च्या पुढे ‘सुकेळी वाळवली’ असे दोन शब्द कागदावर होते. तेवढेही त्यांनी गाळले.

देवळात चुळबुळ झाली. एवढंच? कोणीतरी मागे वळून कोणाकडे तरी पाहिलं. आशालताबाईंचं पेन उचललेलं तसंच राहिलं. पहिल्या बाकावर फ्लॉसीने मान खाली घातली. अँथनीने मात्र काठीवरचे हात सोडले आणि डोळे पुसले, भर देवळात, सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं बहिणीसाठी रडतोय, आणि ते खरंच होतं.

बाहेर आल्यावर सदानंद सभ्यपणे म्हणाले, “तब्येत बरी नव्हती का सर? दगदग झाली आज.” आशालताबाई निघता निघता म्हणाल्या, “तिन्ही शब्द आले की हो, सर.” मास्तर म्हणाले, “आले खरे.” पुढच्या महिन्यात वाचनालयाने दुसरा वक्ता बोलावला. आणि गावात बोललं जाऊ लागलं की मास्तर थकले, बिचाऱ्या मार्थाच्या वाटेला काहीच आलं नाही. सत्तरीत असं ऐकून घ्यायचं म्हणजे सोपं नाही. मास्तरांना ते लागलं, दोन-तीन दिवस जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी मास्तरांची बायको फिलोमिना मोरीतून ओरडली, “शर्टाच्या खिशात कागद होता हो. धुण्यात गेला.” ती ओल्या लगद्याचा गोळा घेऊन बाहेर आली. शाई पसरून सगळा निळा झाला होता. “कामाचा होता काय?”

मास्तरांनी तो गोळा हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि केळीच्या बुंध्याशी टाकला. “नव्हता,” म्हणाले.

नाताळला चार दिवस असताना फ्लॉसी आली. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली. तिने पंच्याने झाकलेली टोपली मास्तरांच्या पायाशी ठेवली.

“मला तुमचा राग आला होता, सर. अजून आहे थोडा,” ती म्हणाली. “पण आत्याने पाच भांडणं कोणाची धरली होती ते मला माहीत नाही. तिने सांगायच्या आधीच सगळं झालं. तुम्ही गावातल्या सगळ्या घरांच्या स्वयंपाकघरात बसलायत. तुम्हाला कळेल.”

मास्तरांनी एक पुडी उचलली. गाठ वेगळीच होती, डाव्या अंगाला ओढलेली. “ही सुटते कशी गं? मी तर त्या वर्षी सुरीने कापली होती.”

“वाख ओला करायचा. मग आपोआप सैल होते. आणि बांधतानाही ओलाच घ्यायचा. पुढच्या वर्षी राजेळी पिकली की या तिकडे, दाखवते. मलाही अर्धीच येते.”

चोवीस तारखेला पहाटे कार्मिन मास्तर टोपली घेऊन मिस्सेला निघाले. अजून धुकं होतं. नऊ पुड्या ठेवून झाल्या तेव्हा पूर्वेला उजाडायला लागलं होतं. कमरेत उसण भरली होती, आणि दर ओट्यावर वाकताना मार्थाचे गुडघे त्यांच्या ध्यानात येत होते. दहाव्या घरापुढे ते थांबले, पुडी पायरीच्या आतल्या बाजूला सरकवली आणि गाठ दाराकडे येईल अशी फिरवली. आतून कोणाची तरी चूल पेटवायची खुडबुड ऐकू आली.

सबंध गाव ज्यांना लांबून ओळखे, सायकलवरून उतरून ‘मास्तर’ म्हणून हाक मारी, ते मास्तर रिकामी टोपली काखेत धरून कुंपणाच्या कडेकडेने देवळाकडे निघाले. वाटेत दोघी-तिघी म्हाताऱ्या मिस्सेला चालल्या होत्या. त्यांच्या मागे ते मुकाट चालू लागले. कोणी वळून पाहिलं नाही.